मोर्नाची पिन आणि मैलापूरचा बगळा

मी एक जुनी काशाची पिन आहे. पिन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कचेरीतल्या कागदांना टोचायची टाचणी येईल. मित्रांनो, तिचा माझा काही संबंध नाही. मी म्हणजे तळहाताएवढं एक कडं, त्याची दोन टोकं एकमेकांना भेटता भेटता राहिलेली, आणि त्या कड्यावर फिरणारी वीतभर सुई. माझ्या मुलखात थंडी फार. लोक जाड लोकरी घोंगड्या पांघरत आणि त्या खांद्यावर माझ्यासारखीनं अडकवत. सध्या माझा मुक्काम मद्रासेत, मैलापुरात आहे. इथे कोणी घोंगडी पांघरली तर शेजारी त्याला वैद्याकडे नेतील. तरीही मला इथे काम मिळालं. त्या कामाचं मला अजून वाईट वाटतं आणि बरंही वाटतं, म्हणून सांगते.

माझं वय दोन हजार वर्षांच्या आसपास असावं. जन्मदाखला नाही, कारण तेव्हा नगरपालिका नव्हती. पश्चिमेकडच्या समुद्रात एक हिरवं, बारमाही ओलं बेट आहे. तिथे केल्ट नावाचे लोक राहत. ते गाई पाळत, एकमेकांच्या गाई चोरत आणि उरलेल्या वेळात गाईंवर कविता करत. त्यांच्या एका टोळीत सेनान नावाचा कासार होता. टोळीच्या नायकाला मोर्ना नावाची मुलगी होती. सेनान आणि मोर्ना यांचं एकमेकांवर मन होतं. हे साऱ्या टोळीला ठाऊक होतं, फक्त नायकाला नव्हतं. नायकांना अशा गोष्टी शेवटी कळतात.

सेनाननं मला मोर्नासाठी घडवलं आणि लाल तापलेली असताना विहिरीत बुडवलं. त्या विहिरीत एक बाई राहायची. आपल्याकडे पाण्यात साती आसरा असतात ना, त्यांच्यापैकीच एखादी तिकडे नांदायला गेली असावी. चटका बसल्यामुळे ती रागानं वर आली.

"माझ्या घरात विस्तव टाकलास," ती म्हणाली. "आता हिला माझा गुण लागेल. ज्याच्या अंगावर ही असेल, त्यानं चार माणसांत मनातलं सोडून भलतंच सांगितलं, तर ही टोचेल."

सेनानला आनंदच झाला. प्रेमात पडलेल्या माणसाला कशाचाही आनंद होतो.

पुढे उत्तरेकडच्या टोळीच्या नायकानं मोर्नाला मागणी घातली. मागणीबरोबर निरोप होता: मुलगी द्या, नाहीतर घरं जाळतो आणि गाई नेतो. सभा भरली. ड्रुइड, म्हणजे तिकडचे भटजी, ओकाच्या झाडाखाली बसले. सभेत मुलीला पसंती विचारायचा तिकडे रिवाज होता. रिवाज चांगला होता. फक्त उत्तर काय यायला हवं, हे आधी ठरलेलं असे.

सभेआधी मोर्ना सेनानच्या भट्टीपाशी आली. तिनं मला खांद्यावरून काढून त्याच्या हातावर ठेवलं. "ही तुझ्याकडे असू दे," ती म्हणाली. "मला आज हो म्हणायचं आहे, आणि रक्त न काढता म्हणायचं आहे." घोंगडीला तिनं रानातला एक काटा लावला, सभेत गेली आणि स्वच्छ आवाजात हो म्हणाली. घरं वाचली. गाई वाचल्या. कवींनी गाईंवर कविता केल्या.

सेनाननं मला विहिरीत टाकलं आणि तो काठावर बसून राहिला. आसरा वर आली.

"घरी जा," ती म्हणाली.

"मी वाट पाहतो."

"कशाची?"

"तिनं खरं सांगायची."

"ती गेली की रे."

"मग दुसरी कोणी सांगेल."

आसरेनं सुस्कारा टाकला. "माणसाच्या आयुष्यात एवढा वेळ नसतो," असं म्हणून तिनं त्याला राखी बगळा करून टाकलं. "ही पिन लावून एखादी बाई चार माणसांत आपल्या मनातलं बोलेपर्यंत पाण्याकाठी एका पायावर उभा राहा."

तो उभा राहिला.

मधली शतकं मी थोडक्यात सांगते, कारण ती मी चिखलात काढली. विहीर बुजली. वर साधू आले, चाचे आले, इंग्रज आले. चिखलात असल्यामुळे मला कोणाचाच फारसा उपद्रव झाला नाही. मग कोणीतरी जळणासाठी चिखल खणताना मी फावड्याला लागले आणि एका पाद्रीबाबांच्या टेबलावर पोचले. ते मद्रासेला शिकवायला आले आणि इथे माझ्या सुईनं पाइप कोरू लागले. मला याचा अपमान वाटला, पण तक्रार कोणाकडे करणार? आमच्या जहाजामागून सबंध वाट एक राखी बगळा येत होता. खलाशी म्हणाले, वाट चुकला असेल. पाद्रीबाबा वारले, आणि त्यांचं सामान मूर मार्केटच्या जुन्या बाजारात गेलं.

मूर मार्केटातला दुकानदार हुशार होता. मुसलमान गिऱ्हाइकाला तो मला दाखवून म्हणायचा, "टिपू सुलतान, सार." चेट्टियाराला म्हणायचा, "चोळ राजा, सार." एका सकाळी मैलापूरचे चंद्रमौळी आले. हे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क, तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज भोसले राजांच्या दरबारात होते. काय म्हणून होते, हे घरात कोणी विचारत नसे. दुकानदारानं त्यांचं बोलणं ऐकलं, मला पुसलं आणि म्हणाला, "तंजावूर पॅलेस, सार."

चंद्रमौळींनी मला हातात घेतलं. बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं. मग डोळे पुसले आणि मला घरी आणलं.

त्या दिवसापासून मी राजांच्या शालीची पिन झाले. नवरात्रात घरी बाहुल्यांच्या पायऱ्या मांडत, त्यांत सगळ्यांत वरच्या पायरीवर, देवाच्या शेजारी, मला लाल मखमलीवर ठेवत. दोन हजार वर्षांत माझा एवढा मान कोणी केला नव्हता. चिंच लावून मला इतकं घासलं की माझी मूळ नक्षी अर्धी गेली. मानाचं हे असंच असतं.

घर तळ्याकाठच्या गल्लीत होतं. पुढच्या खोलीच्या खिडकीतून कपालीश्वराच्या तळ्याच्या पायऱ्या दिसायच्या. तिथे एक राखी बगळा एका पायावर उभा असायचा. पिनेला डोळे कुठले, असं विचारू नका. आत्मवृत्तात वस्तूला डोळे असतात, हा नियम मी केलेला नाही.

घरात चंद्रमौळी आणि त्यांच्या दोन मुली. आई नव्हती. थोरली तुळसी शाळेत शिकवायची. धाकटी कनका हसायची, आणि त्यातून वेळ उरला तर स्वयंपाक करायची. माडीवर एक भाडेकरू होता. उमाकांत त्याचं नाव. सांगलीकडचा. रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात नकाशे काढायला आला होता. त्याला तमिळ येत नसे, म्हणून भाजीवाली त्याला रोज पडवळच द्यायची. शेवटी तुळसीला दया आली आणि ती त्याला भाज्यांची नावं शिकवू लागली. वांग्यापासून सुरुवात झाली. शेवग्यापर्यंत येताना दोघं कुठल्या कुठे गेली होती.

"तुम्ही बोलता तेव्हा बखर वाचल्यासारखं वाटतं," तो एकदा जिन्यावरून म्हणाला.

"आणि तुम्ही बोललांत कीं रेडियोवर बातम्या लागल्यासारखं," ती खालून म्हणाली. "आतां हवामान सांगा."

"ढगाळ," तो म्हणाला. "पडवळ खाऊन खाऊन."

हे मी मखमलीवरून ऐकत होते. मला भट्टी आठवली.

पुढच्या नवरात्रात उमाकांत बाहुल्या पाहायला खाली आला. त्यानं सुंडलाचा, म्हणजे प्रसादाच्या उसळीचा, द्रोण हातात घेतला, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, "ही काही मराठेशाहीतली वाटत नाही हो. शालीला असली पिन आपल्याकडे कोण लावतं?"

मित्रांनो, तो खरं बोलला. त्याच्या अंगावर मी नव्हते. कोणी विचारलंही नव्हतं. तरी बोलला. काही माणसांना हा आजार असतो.

चंद्रमौळींचा चेहरा विझला. "तुम्ही येथें कोठून आलांत?" त्यांनी हळू विचारलं.

"सांगलीहून."

"कधीं?"

"दोन वर्षं झाली."

"आम्ही राजांबरोबर आलों. मग राजांचं कोणाला जास्त माहीत, तुम्हांला कीं आम्हांला?"

"नाही, मी फक्त..."

"सुंडल खाऊन घ्या. महिना संपला कीं माडी रिकामी करा."

उमाकांत कारखान्याजवळ पेरांबूरला राहायला गेला. जाताना त्यानं तुळसीला विचारलं, "मी थांबू का?" ती म्हणाली, "नका." तेव्हाही मी तिच्या अंगावर नव्हते.

आता खरी अडचण ऐका. कनकाचं लग्न ठरल्यात जमा होतं. मुलगा अशोक, तांबरमला विमानदळात, आपल्यातलाच. त्याची आसामला बदली व्हायची होती, आणि त्याच्या घरच्यांचं म्हणणं होतं की लग्न बदलीच्या आधी झालं तर झालं, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो. पण थोरली घरात असताना धाकटीचं कसं करणार? चंद्रमौळी ते करणार नव्हते. म्हणून तुळसीसाठी घाईनं वादिराजांचं स्थळ आणलं. बँकेत नोकरी, शांत स्वभाव, आणि सीतालक्ष्मी नावाची आई, जिनं मुलाच्या वाट्याचं बोलणंही स्वतःकडे घेतलं होतं.

मुलगी पाहायला ते रविवारी सकाळी यायचे होते. कनका तुळसीची वेणी घालत होती.

"अक्का, मी अशोकला सांगतें, थांब म्हणून."

"त्याचं विमान तुझ्यासाठीं थांबतं का?"

"पण तुझं मन..."

"केंस ओढूं नको. माझं मन वेणींत नाहीं."

चंद्रमौळी मला घेऊन आले आणि त्यांनी स्वतः तुळसीच्या खांद्यावर, निऱ्यांवर मला लावलं. "राजांची वस्तू अंगावर असूं दे," ते म्हणाले. माझी सुई थंड पडली. मोर्नाला माझा गुण माहीत होता, म्हणून तिनं मला काढून ठेवलं होतं. या मुलीला कोण सांगणार? मला तोंड नव्हतं. जे होतं, ते टोकदार होतं.

पाहुणे आले. गोड शिऱ्यासारखी सोज्जी आली, भज्जी आली, कॉफी आली. तुळसी नमस्कार करून बसली. सीतालक्ष्मींनी आधी मला पाहिलं.

"हें काय? बैलाच्या नाकांतलं कडं?"

"राजांच्या शालीची पिन," चंद्रमौळी म्हणाले. "आमच्या घरांत मुलीला सभेंत पसंती विचारतात. दरबारांतला रिवाज आहे."

"असूं दे, असूं दे. विचारा. तोंवर मी एक भज्जी घेतें."

"तुळसी," चंद्रमौळी म्हणाले, "स्थळ पसंत का गे?"

दाराआड कनका उभी होती. तिचा पदर दिसत होता. तुळसीनं त्या पदराकडे पाहिलं. दोन हजार वर्षांपूर्वी वाचवायच्या घरांकडे मोर्नानं असंच पाहिलं असेल.

"हो," ती म्हणाली.

मी टोचले. मला टोचावंच लागतं. चेहऱ्यावर तिनं काही दिसू दिलं नाही. शाळेत शिकवणाऱ्यांना ते जमतं. पण फिकट पिवळ्या साडीच्या खांद्यावर लाल ठिपका उमटला आणि हळूहळू रुपयाएवढा झाला.

"अहो, रक्त येतंय त्यांना," वादिराज उठून म्हणाले. या माणसाबद्दल मला पुढेही कधी वाईट बोलता आलं नाही.

"अय्यो! अपशकुन!" सीतालक्ष्मींच्या हातातली भज्जी बशीत पडली. "ही कसली पिन? भूतबाधा आहे कीं काय?"

चंद्रमौळींनी घाईनं मला काढलं. घरची अब्रू जाताना दिसली की माणूस हाताला लागेल ती वस्तू पुढे करतो. त्यांच्या हाताला मी लागले होते. त्यांनी मला स्वतःच्या उपरण्याला लावलं आणि छाती पुढे काढली. "भूतबाधा? ही तंजावरच्या राजवाड्यांतली पिन. आमच्या पणजोबांना राजांनीं स्वहस्तें... अय्यो!"

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले.

"राजांनीं स्वहस्तें दिलेली... अय्यो अप्पा!"

"पोदुम हो, पुरे," सीतालक्ष्मी म्हणाल्या. "तुम्हांला सुद्धां टोचते ही."

चंद्रमौळी खाली बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मूर मार्केटात पाहिलं होतं तसंच, उलटसुलट. मग ते बोलले, आणि त्यांचा आवाज हेडक्लार्कचा राहिला नव्हता.

"मूर मार्केटांत घेतली. दुकानदार खोटं बोलत होता, मला तेव्हांच कळलं होतं. पण आमच्या घरांत राजांचं कांहींच उरलं नाहीं हो. एक ताम्हन सुद्धां नाहीं. मुलींना काय दाखवूं?"

मी टोचले नाही. बाहेर तळ्यावर बगळ्यानं मान वर केली. पाय मात्र तसाच राहिला. अट बाईची होती.

चंद्रमौळींनी छातीवर हात फिरवला. आयुष्यभर बेरजा तपासलेला माणूस तो. हळू चालला, पण बरोबर चालला. "मी खोटं बोललों, तेव्हां टोचली," ते स्वतःशीच म्हणाले. "खरं बोललों, तेव्हां नाहीं." मग त्यांनी तुळसीच्या खांद्यावरचा डाग पाहिला. "मग हिला कां टोचली?"

ते उठले. त्यांनी मला पुन्हा तुळसीच्या खांद्यावर लावलं, डागापासून जरा दूर.

"आतां सांग गे. मी वाट पाहतों."

तुळसीनं दाराकडे पाहिलं. पदर तिथेच होता. तो पुढे झाला नाही, मागेही गेला नाही. कनकाला त्या क्षणी काय हवं होतं, ते मला कळलं नाही. मी तिच्या अंगावर नव्हते. एक बहीण बोलली की दुसरीचं जाणार होतं, आणि हे दोघींनाही ठाऊक होतं. सीतालक्ष्मी काही म्हणणार होत्या. वादिराजांनी आईच्या हातावर हात ठेवला.

"नाहीं," तुळसी म्हणाली. "मला हें लग्न नको. मला पेरांबूरच्या माणसाशीं करायचं आहे." आणि ती रडू लागली. "कनके, मला क्षमा कर गे."

माझी सुई हलली नाही. खिडकीबाहेर, तळ्याच्या पायरीवर, राखी बगळ्यानं दुसरा पाय खाली ठेवला. थोडा वेळ तो दोन्ही पायांवर तसाच उभा राहिला, जणू असं उभं कसं राहायचं ते विसरला होता. मग उडाला. पश्चिमेकडे गेला. तिकडे आता मोर्ना नाही, हे त्याला कोणी सांगितलं असेल का, ठाऊक नाही.

इथे गोष्ट संपवली असती तर मला बरं वाटलं असतं. पण खऱ्याच्या नावावर मी इतकी टोचाटोच केली, तेव्हा पुढचंही सांगायला हवं. अशोकच्या घरचे थांबले नाहीत. तो आसामला गेला आणि तिथूनच त्याचं लग्न झाल्याचं कळलं. कनका कोणाला काही म्हणाली नाही. फक्त त्या दिवसापासून तिनं तुळसीची वेणी घालणं सोडलं. बायका भांडल्या तर आवाज होतो, म्हणून घराला कळतं. हे घराला कळायला वेळ लागला.

पुढे एका दुपारी चंद्रमौळी पेरांबूरला गेले. उमाकांतला म्हणाले, "तुमची छत्री माडीवर राहिली आहे, येऊन न्या." उमाकांतची छत्री त्याच्या हातातच होती. ती त्यानं पाठीमागे लपवली आणि म्हणाला, "हो, येतो." यावेळी मला कोणी मध्ये घेतलं नाही, हे बरं झालं.

तुळसीचं लग्न साधं झालं. सकाळी कनका तेल आणि फणी घेऊन आली आणि तिच्या मागे बसली. वेणी घालून झाल्यावर म्हणाली, "अक्का, ती पिन मला दे."

"कशाला गे? ती टोचते."

"म्हणूनच."

तेव्हापासून मी कनकाच्या पेटीत आहे. ती आता हसते, पण मोजून. मला तिनं अजून लावलेलं नाही. कधीतरी बाहेर काढते, हातात धरते आणि परत ठेवते. तळ्याची पायरी मोकळी आहे. मी वाट पाहते. वाट पाहायचं मी चांगल्या माणसाकडून शिकले.

मित्रांनो, जुन्या वस्तू सापडल्या तर जपा, पण चिंच लावून इतक्या घासू नका की त्यांची नक्षी जाईल, आणि त्या राजाच्या होत्या की रंकाच्या, याची फार चौकशी करू नका. आणि एक मागणं आहे. घरात कोणाला, "पसंत आहे ना?" असं विचाराल, तेव्हा सोज्जीची बशी खाली ठेवा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. तळ्याकाठी कोणीतरी एका पायावर उभं असतं.